६६ पैकी किती?

काकांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी गणितात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला होतो. ठाण्यात नौपाड्यातल्या त्यांच्या घरी फिजिओथेरपीच्या ताई छापील तक्ता घेऊन यायच्या. खांदा उचला, कोपर वाकवा, चिमटीत कागद धरा. अशा ३३ कसोट्या, प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण, एकूण ६६. फुगल-मायर नावाची ही मोजपट्टी १९७५ पासून वापरात आहे. काका चार महिन्यांत २२ वरून ४९ वर आले, घरात पेढे आले. त्याच संध्याकाळी चहाचा कप त्यांनी डाव्या हाताने उचलला.

"अहो, उजवा चालतो ना आता?" काकू म्हणाल्या.

"चालतो गं. पण सांडलं म्हणजे?"

या 'सांडलं म्हणजे'चंही मॉडेल असतं, हे मला दीड वर्षाने कळलं. तोवर मी याच विषयात, म्हणजे झटक्यानंतर मेंदू आणि हात कसे सावरतात याच्या गणिती मॉडेलांवर, प्रकल्प घेऊन बसलो होतो. गणित किंवा इंजिनिअरिंगमधून इकडे यायचं मनात असेल, तर माझे अडखळलेले टप्पे वाचून ठेवा.

घरी विषय समजावताना मी तीन हात नाक्याचा दाखला द्यायचो: नाका तुंबला की गाड्या आतल्या गल्ल्यांतून जातात, मेंदूचंही तसंच. माझ्या गाइड मॅडमनी तो एका वाक्यात उडवला. "गाड्या गेल्या म्हणून गल्ली रुंद होते का रे?" मेंदूत होते, हाच तर मुद्दा. सोबत पेटणाऱ्या पेशींमधले दुवे बळकट होतात, हा डोनाल्ड हेब यांचा १९४९ चा विचार आजही बहुतेक मॉडेलांच्या मुळाशी असतो. आणि गल्ली वापरली नाही तर अरुंदही होते. रँडॉल्फ नूडो यांच्या गटाने १९९६ मध्ये माकडांवरचे प्रयोग छापले. मेंदूतल्या हात चालवणाऱ्या भागात छोटी इजा झाल्यावर ज्या माकडांकडून बोटांचा सराव करून घेतला, त्यांच्या मेंदूत हाताचा उरलेला भाग टिकला. सराव नसलेल्यांमध्ये इजेच्या शेजारची धडधाकट जागाही हातापासून सुटत गेली होती.

मग २००८ चं हान, आर्बिब आणि श्वाइगहोफर यांचं मॉडेल वाचलं आणि काका आठवले. त्यात मेंदूचे दोन भाग, दोन हात आणि 'कुठला हात वापरू' हे ठरवणारा एक शिकाऊ निर्णयकर्ता आहे. दुखऱ्या हाताने काम फसलं की निर्णयकर्त्याच्या लेखी त्या हाताची किंमत घसरते, म्हणून तो हात कमी वापरला जातो, म्हणून आणखी बिघडतो. मात्र उपचारांनी हात एका उंबरठ्यापलीकडे गेला, तर रोजच्या वापरानेच तो पुढे सुधारत राहतो. उंबरठ्याच्या अलीकडे थांबलात, तर उपचार संपल्यावर घसरण. डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये स्थिर आणि अस्थिर बिंदू शिकलेल्याला हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. तेवढं गणित, लिनिअर अल्जेब्रा आणि पायथॉन यांवर सुरुवात होते. न्यूरोसायन्स शून्यातून शिकायचं असेल तर न्यूरोमॅच या ऑनलाइन शाळेचं साहित्य मोफत आहे.

खरी फजिती संख्याशास्त्रात होते. बहुतेक रुग्ण तीन महिन्यांत गमावलेल्या गुणांपैकी सुमारे ७० टक्के परत मिळवतात, असा एक नियम २००८ पासून फार गाजला. मीही चाळीस रुग्णांचे आकडे घेतले, 'किती गुण गेले होते' आणि 'किती परत आले' यांचा सहसंबंध (कोरिलेशन; १ म्हणजे दोन आकडे तंतोतंत सोबत चालतात) काढला. ०.८ आला! मित्रांना मामलेदारची मिसळ खिलवली. मॅडम म्हणाल्या, आता हेच रँडम आकड्यांवर कर.

तुम्हीही करा, दहा मिनिटांचं काम आहे. हजार खोटे रुग्ण घ्या. आधीचे गुण ० ते ६६ मधले कुठलेही, नंतरचेही कुठलेही, दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तरी सहसंबंध ०.७ च्या आसपास येतो. कारण आधीचा गुण दोन्ही बाजूंना लपलेला आहे: ६६ मधून तोच वजा केला आणि नंतरच्या गुणांतूनही तोच. (या ०.७ चा आणि त्या ७० टक्क्यांचा संबंध नाही, निव्वळ योगायोग.) २०१९ मध्ये या नियमावर नेमका हाच आक्षेप जोरात घेतला गेला. शिवाय मोजपट्टी ६६ लाच संपते, त्यामुळे बरे झालेले सगळे वर जाऊन चिकटतात. माझी मिसळ वाया गेली.

आणखी एक. रुग्णांची माहिती हवी असेल तर एथिक्स कमिटीचा अर्ज पहिल्या आठवड्यात टाका. मी 'मॉडेल तर तयार होऊ दे' म्हणत थांबलो आणि नंतर तीन महिने नुसता बसून होतो.

शेवटी मी मोजायची गोष्टच बदलली. हात काय करू शकतो ते फुगल-मायर सांगते, हात दिवसभर काय करतो ते नाही. त्यासाठी दोन्ही मनगटांना हालचाल मोजणारे पट्टे बांधतात. धडधाकट माणसाचे दोन्ही हात दिवसात जवळपास सारखाच वेळ हलतात, हे मलाही तेव्हाच कळलं. काकांनी पट्टे हौसेने बांधले. गुण तोवर ५१ झाले होते. उजव्याचा वेळ डाव्याच्या तुलनेत ०.४ निघाला.

काकूंनी तो आलेख बराच वेळ बघितला, बोलल्या काहीच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कप अर्धाच भरून काकांच्या उजव्या बाजूला ठेवायला लागल्या.