फायबर उन्हात, वायरिंग पावसात: जुनी होडी पुन्हा पाण्यात उतरवताना

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या बंदरावर उलटी टाकलेली १८ फुटी फायबरची होडी मी घेतली, तेव्हा शेजारचा नाखवा एवढंच म्हणाला, "रंग बघितलास, पाठ ठोकून बघितलीस का?" नव्हती बघितली.

तुम्ही सुरुवात तिथूनच करा. पाच रुपयांचं नाणं घेऊन वीतभर अंतरावर ठोकत जा. चांगलं फायबर टणटण वाजतं, आत पाणी शिरलेलं किंवा थर सुटलेलं ढप वाजतं. ढप वाजेल तिथे खडूने गोल करा. इंजिन टांगतात त्या मागच्या फळीत बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या एखाद्या भोकात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. काळपट ओला भुसा निघाला, तर फळी बदलावीच लागेल. वरून मॅट, म्हणजे काचतंतूंची चादर, चढवून भागत नाही, मी ते करून पाहिलंय.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते आणि सगळे तेव्हाच दुरुस्ती काढतात. पण फायबरचं काम एप्रिल-मेमध्येच उरका, ओल्या फायबरवर रेझिन (मॅट भिजवून घट्ट होणारा चिकट द्रव) धरत नाही. आधी गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढा, खराब भाग घासून उघडा करा आणि आठवडाभर वाळू द्या. मग पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दिवसभर उन्हात ठेवा. आतून थेंब दिसले तर अजून थांबा.

घासताना कडा उतरत्या करा. जाडीच्या १२ पट उतार लागतो, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीला भोकाच्या चहूबाजूंनी सुमारे ७ सेंटीमीटर. इथे आळस केला तर ठिगळ पहिल्याच लाटेत सुटेल. धूळ अंगात काचेसारखी टोचते, त्यामुळे मास्क, चष्मा आणि लांब बाह्या हव्यातच.

आता रेझिन. ते घट्ट व्हायला त्यात दोन रसायनं घालतात: वेग देणारा कोबाल्ट आणि घट्ट करणारा हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळायचा, हार्डनर शेवटी. बरंच रेझिन कोबाल्ट घालूनच मिळतं, दुकानदाराला विचारून घ्या. मेच्या उन्हात किलोभर रेझिनला १० ग्रॅम हार्डनर पुरतो. अर्ध्या किलोपेक्षा जास्त एकदम कालवू नका, डबा हातातच तापून घट्ट होतो. सकाळी दव वाळल्यावर सावलीत मॅट लावा, सर्वांत लहान तुकडा आधी किंवा सर्वांत मोठा आधी यावर कारागिरांत कायमचा वाद आहे; मी मोठा आधी लावतो. प्रत्येक थरातली हवा रोलरने काढा. एका वेळी तीनच थर लावा, गार झाल्यावर पुढचे.

पाऊस लागला की ताडपत्रीखाली वायरिंग. जुनी वायर जोडजोड करून वाचवू नका. माझ्या होडीत आधीच्या मालकाने घरातली वायर टाकली होती. वितभर सोलली तरी तांबं काळंच! खाडीची खारी हवा प्लॅस्टिकच्या आतून चढत जाते. कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची वायर घ्या. एकतारी वायर इंजिनाच्या थरथरीने तुटते.

जाडी अंदाजाने ठरवू नका. ५ अँपिअरचा पाणी उपसायचा पंप बॅटरीपासून ६ मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर वायर लागते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १२ पैकी जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. ४ ची घातली तर पाव व्होल्टच्या आसपास. मी ४ चीच घालतो.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हला वीतभर अंतराच्या आत हवा, कारण तो वायर वाचवण्यासाठी असतो, पंप नव्हे. जोड दाबून, वर आतून गोंद असलेली आकुंचन पावणारी नळी तापवून बसवा. काळ्या टेपवर विसंबू नका. पंपाचा फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून पंप सुरू करणारा) मुख्य स्विचच्या आधी, स्वतंत्र फ्यूजवर घ्या, म्हणजे रात्री सगळं बंद असतानाही पंप चालेल. दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा.

होडी उतरवायच्या आदल्या दिवशी तळात दोन बादल्या पाणी ओता. मुख्य स्विच बंद ठेवा आणि बाजूला बसून पंप आपोआप सुरू होतो का, ऐका. माझा पहिल्यांदा झाला नाही, फ्लोट उलटा बसवला होता.