वस्तीवर सोलर बसवायचंय? आधी रात्रीचा हिशोब करा

मोहोळ तालुक्यात आमची वस्ती गावापासून तीन किलोमीटर आत आहे आणि घरातली लाईट शेतीच्या फीडरवरची, म्हणजे पाळी दिवसाची असेल तर आठ तास, रात्रीची असेल तर रात्री, बाकी वेळ काहीच नाही. उन्हाळ्यात लेकरं घामानं रात्रभर कूस बदलत राहायची, आई पहाटे अंधारात गोठ्याकडं जायची आणि पायाखाली काय येईल याची मला कायम धास्ती, म्हणून चार वर्षांपूर्वी सोलर घेतलं. पहिल्यांदा चुकलं, पैसे वाया गेले, मग एकेक गोष्ट समजून घेत परत बसवलं आणि त्यावर आता तीन उन्हाळे निघालेत. सोयऱ्याधायऱ्यांत कुणी बसवायचं काढलं की मला फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, दादा किती किलोवॅटचं घेऊ? ते सगळ्यात शेवटी ठरतं. आधी सांगा, दिवस मावळल्यापासून सकाळी आठपर्यंत तुमच्या घरात काय काय चालतं? आपल्याकडं ऊन भरपूर आहे हो, पॅनल कमी पडत नाही, कमी पडते ती रात्र. बॅटरी रात्रीवर ठरते, बॅटरीवरून पॅनल ठरतो, आणि दुकानदार मात्र पॅनलपासून सुरू करतो.

तर एक वही घ्या आणि लिहा. आमचं सांगतो. नऊ वॅटचे पाच बल्ब पाच तास, झाले 225 वॅट-अवर (वॅट गुणिले तास). तीन फॅन दहा तास. टीव्ही 50 वॅटचा तीन तास, 150. राऊटर आणि गोठ्यावरचा कॅमेरा मिळून 10 वॅट पण चोवीस तास, म्हणजे 240, छोटं वाटतं पण सतत चालणारं यंत्र खातं. मोबाईल चार, धरा 60. मिक्सर दहा मिनिटं, 85 च्या आसपास, तो आम्ही दिवसाच चालवतो. आता फॅनचं बघा, साधा फॅन 75 वॅट घेतो, तीन फॅन दहा तास म्हणजे 2250. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) फॅन 30 वॅट घेतो, तेच काम 900 मध्ये. नुसत्या फॅनच्या फरकात 1350 वॅट-अवर म्हणजे सव्वा युनिटच्या वर वाचलं, रोज (हजार वॅट-अवरचं एक युनिट). हे सव्वा युनिट साठवायला जेवढी जादा बॅटरी लागली असती तिच्या पैशात तीन बीएलडीसी फॅन येऊन वर पैसे उरतात, म्हणून सोलरच्या आधी फॅन बदला, हे मी हात जोडून सांगतो.

बीएलडीसी धरून आमची दिवसाची बेरीज 1660 वॅट-अवर आली, त्यातलं रात्रीचं साधारण 1400. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, ते धरून 1650 धरा. ट्यूबलर बॅटरी (इन्व्हर्टरची नेहमीची, पाणी घालायची) पूर्ण रिकामी करायची नसते, निम्मी वापरली तर चार-पाच वर्षं टिकते, रोज तळाला नेली तर दोन वर्षांत बसते. 12 व्होल्ट 150 एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-अवर, व्होल्टनं गुणलं की वॅट-अवर) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, जोडल्या की 24 व्होल्ट, 3600 वॅट-अवर, निम्मे 1800, बसलं बरोबर. लिथियम फॉस्फेट घेणार असाल तर ती 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, 25.6 व्होल्ट 100 एएच म्हणजे 2560, त्याचे 80 टक्के 2048, तीही चालते. आज हातात पैसे असतील तर मी लिथियमच घ्या म्हणेन, पाणी घालायचं काम नाही, वायू सुटत नाही, चार्जिंग भरभर होतं. पण फक्त बीएमएसवाली (सेल सांभाळणारं सर्किट आत असलेली) आणि गॅरंटी कार्डावर सीरियल नंबर लिहिलेली, खोकं उघडून कुणीतरी घरी जोडलेली स्वस्तातली नको.

12 व्होल्टची सिस्टीम का नको तेही सांगतो. हजार वॅट 12 व्होल्टवर ओढायचे तर 83 अँपिअर लागतात, 24 वर 42. अँपिअर जेवढे जास्त तेवढी वायर जाड, तेवढं जॉइंटवर गरम. दोन बल्ब, एक फॅन आणि मोबाईल एवढंच असेल तर 12 ठीक, त्याच्या पुढं 24 घ्या.

आता पॅनल. सोलापूरला उन्हाच्या दिवशी एक किलोवॅटमागं चार ते पाच युनिट निघतात. आमची गरज 1660, धूळ, उष्णता, बॅटरी, इन्व्हर्टर यांची गळती धरून 2400 म्हणा, म्हणजे चांगल्या उन्हात 500 वॅटचा पॅनल पुरतो. तरी मी 540 चे दोन लावलेत. कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, परतीचा पाऊस एकदा बसला की चार-चार दिवस आभाळ उघडत नाही, तेव्हा पॅनल चौथा हिस्सा देतो. बॅटरी दुप्पट घेण्यापेक्षा पॅनल दुप्पट घेणं स्वस्त पडतं आणि पॅनल किती वीज देत राहील याची 25 वर्षांची वॉरंटी असते. फक्त ट्यूबलर असेल तर कंट्रोलरमध्ये (पॅनलकडून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारा डबा) चार्जिंग करंट 15 ते 20 अँपिअरला बांधून ठेवा, 150 एएचच्या बॅटरीत 40 अँपिअर ढकलले तर ती उकळते.

आणि मे महिन्याचं एक लक्षात घ्या. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असं लोक समजतात. पॅनलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान 25 डिग्री असतानाचे असतात, आपल्याकडं हवा 42-43 ला गेली की पॅनल 65 च्या आसपास तापतो आणि 25 च्या वरच्या प्रत्येक डिग्रीला 0.35 टक्क्याच्या आसपास घटतो. म्हणजे भर दुपारी 540 चा पॅनल 465 देतो. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवला तर आणखी तापतो, खालून निदान वीतभर हवा खेळू द्या.

माझी पहिली चूक इथं झाली ती सांगतो. एका दुकानात 330 वॅटचा पॅनल, 12 व्होल्टची बॅटरी आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर असं गळ्यात मारलं. 330 चा पॅनल 37 व्होल्टवर नऊ अँपिअर देतो, पीडब्ल्यूएम काय करतो, पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, अँपिअर तेवढेच राहतात, म्हणजे 13 व्होल्ट गुणिले नऊ, सव्वाशेच्या आतच. दोनशे वॅट रोज छपरावरच जात होते आणि मी सहा महिने पॅनल पुसत बसलो. मोठा पॅनल असेल तर एमपीपीटीच (पॅनलचा जादा व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून बॅटरीला देणारा कंट्रोलर) घ्या, दुसरा पर्याय नाही. आमच्या मापाला 24 व्होल्ट 40 अँपिअरचा एमपीपीटी बसतो. सोलर पीसीयू म्हणून इन्व्हर्टर आणि कंट्रोलर एकत्र येतो तोही चालतो, पण आत एमपीपीटी आहे का आणि प्युअर साइन वेव्ह (महावितरणच्या लाईनसारखी वीज) आहे का हे बिलावर लिहून घ्या. स्क्वेअर वेव्हवर फॅन घुमतो आणि मिक्सर तापतो.

540 च्या पॅनलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचा) 49-50 असतो. दोन सिरीजमध्ये जोडले तर 100 च्या घरात, आणि गारठ्यात व्होल्टेज वाढतो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात सकाळी पहिलं ऊन पडलं की तो 100 च्या वर जातो. 100 व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर त्या सकाळीच जळतो. सिरीज करायची तर 150 व्होल्टवाला घ्या, 100 वाला असेल तर पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडा. पॅरललमध्ये 26 अँपिअर येतात, 6 स्क्वेअर एमएमची सोलर डीसी केबल लागते, सिरीजमध्ये 13, तिथं 4 ची भागते. पॅनल घरापासून लांब असेल तर सिरीजच बरी.

वायर आणि जॉइंट यावर मी जास्त बोलतो कारण आग तिथंच लागते. बॅटरी ते इन्व्हर्टर वायर 16 स्क्वेअर एमएमच्या खाली नको, 25 असेल तर उत्तम, आणि दीड-दोन मीटरच्या आत. टोकाला थिंबल (धातूची टोपी) पंच करून घ्या, नुसती वायर पिळून बोल्टखाली दाबू नका. आमच्याकडं असाच एक ढिला बोल्ट तापून बॅटरीचं टर्मिनल वितळलं होतं, नशीब दिवसा घडलं आणि वास आला. बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी जवळ 63 अँपिअरचा डीसी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाहिजेच, पॅनलच्या लाईनवर वेगळा. घरातला साधा एसी एमसीबी इथं लावू नका, स्वस्त पडतो म्हणून वायरमन लावून देतात. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी आपोआप विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी तशीच जळत राहते आणि एमसीबी पेटतो.

जोडताना आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनल. काढताना उलटं, आधी पॅनल मग बॅटरी. पॅनल आधी जोडला तर कंट्रोलरला 12 आहे की 24 ते कळत नाही.

स्टँड दक्षिणेला तोंड करून, उतार 17-18 डिग्री, आपलं सोलापूर तेवढ्याच अक्षांशावर आहे. कोबा असेल तर सिमेंटचे ठोकळे करून बोल्ट आत गाडा, पत्रा असेल तर पत्र्याला नाही, खालच्या अँगलला बोल्ट गेला पाहिजे. वळवाचं वादळ आपल्याकडं पत्रे उडवून शेजारच्या रानात नेऊन टाकतं, पॅनल म्हणजे तर सरळ शिडच. माळवदाचं जुनं घर असेल तर वर वजन टाकू नका, अंगणात चार खांब रोवून त्यावर लावा, खाली जनावरांना सावली होते. झाडाची, टाकीची सावली सकाळी नऊ ते चार पॅनलवर येता कामा नये, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी तिसरा हिस्सा वीज जाऊ शकते. त्यासाठी लिंब तोडू नका मात्र, पॅनल सरकवा.

अर्थिंग. हे कुणी करत नाही आणि हेच मला सलतं. विजा कडकडतात त्या वळवात आणि परतीच्या पावसात, आणि माळरानावर आपलं घर सगळ्यात उंच असतं. स्टँडला आणि पॅनलच्या फ्रेमला एक अर्थिंग, वीजरोधकाला (लाइटनिंग अरेस्टर) स्वतंत्र दुसरं, डीसी लाईनवर एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका जमिनीत सोडणारं यंत्र). खड्डा कोळसा-मीठ घालून भरा आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओता, कोरड्या मुरमात अर्थिंग नावालाच राहतं.

महावितरणचं कनेक्शन आहे ते तोडायचं नाही, पण दोन्ही एकत्र कधी जोडायचे नाहीत. मध्ये चेंजओव्हर स्विच पाहिजेच. तुमचा इन्व्हर्टर उलटा लाईनवर गेला तर डीपीवर काम करणारा वायरमन मरतो, आणि तो आपल्याच गावातल्या कुणाचा तरी पोरगा असतो.

बोअरची मोटर आणि कडबाकुट्टी या सिस्टीमवर लावायची नाही, मोटर सुरू होताना चालू करंटच्या कित्येक पट ओढते. पंपासाठी सौर कृषी पंपाची योजना वेगळी आहे, त्यात शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीसाठी 5 टक्के. घरासाठी पीएम सूर्यघरचं अनुदान 3 किलोवॅटला 78 हजारांपर्यंत आहे, पण ते लाईनला जोडलेल्या सिस्टीमला, बॅटरीवर स्वतंत्र चालणाऱ्या सिस्टीमला मिळत नाही. मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारे फिरतात, देऊ नका. बिल घेताना पॅनलवरचा जीएसटी बघा, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 वरून 5 टक्के झालाय.

बॅटरी कुठं ठेवायची? पत्र्याच्या खोलीत नको, दहा डिग्री तापमान वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं. उत्तरेची खोली, खाली लाकडी फळी, वर खिडकी उघडी, कारण ट्यूबलरमधून हायड्रोजन सुटतो, तिथं उदबत्ती-दिवा लावायचा नाही, देवघराशेजारी ठेवूच नका. चैत्र-वैशाखात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा, फक्त डिस्टिल वॉटर, बोअरचं नाही आणि फिल्टरचंही नाही. अॅसिड कधीच घालायचं नाही. पॅनल पुसायचा तो पहाटे, गार असताना, मऊ फडक्यानं. बोअरच्या पाण्यानं धुतलात तर लगेच कोरडा करा, आपल्या पाण्याचा क्षार पांढरा थर धरून बसतो आणि तो नंतर निघत नाही.

सगळं जोडून झालं की पहिले पंधरा दिवस रोज सकाळी सहा वाजता, फॅन बंद करून अर्ध्या तासानं बॅटरीचं व्होल्टेज त्याच वहीत लिहा. ट्यूबलर 24 व्होल्टला 24.4 च्या वर असेल तर रात्र व्यवस्थित निघाली, निम्मी शिल्लक आहे. 24 च्या खाली रोज जात असेल तर वहीतलं पहिलं पान परत काढा, कुठलातरी फॅन किंवा बल्ब लिहायचा राहिलाय. आणि रात्री चांगलं निघतंय पण संध्याकाळी पाचपर्यंत बॅटरी भरतच नाही असं दिसलं तर सावली, धूळ आणि थिंबल या तीन गोष्टी आधी बघा, पॅनल वाढवायचा विचार नंतर.