मुंबईत नव्याने आयटी सांभाळायला आलेल्यांसाठी: सर्व्हरचा फोल्डर आपोआप जोडणं

लातूर-नांदेडकडून येणाऱ्या पोरांना खोलीचं आधी सांगतो. ऑफिस सीप्झला (अंधेरीतला कंपन्यांचा भाग) असेल तर घाटकोपरला खोली बघा. मेट्रोने मरोळ नाका, तिथून तीन नंबरची मेट्रो. डिपॉझिट देताना पावती घ्या. बाकीचं शहर आपोआप कळत जातं.

ऑफिसातलं मात्र कोणी सांगत नाही. अंधेरी-साकीनाक्याच्या छोट्या ऑफिसात तुमच्याकडे हमखास येणारं पहिलं काम म्हणजे, "सर्व्हरचा फोल्डर रोज हाताने जोडावा लागतो, बघ जरा." मशीन लिनक्सचं असेल तर एफएसटॅब फाइलमध्ये (कुठला फोल्डर कुठे जोडायचा याची यादी) एक ओळ टाकायची, पण त्याआधी पॅकेज बघा. विंडोज किंवा सांबाचा (लिनक्सवरून विंडोजसारखा फोल्डर वाटणारा प्रोग्राम) शेअर, म्हणजे सीआयएफएस ऊर्फ एसएमबी पद्धतीचा, असेल तर सीआयएफएस-युटिल्स, एनएफएस (लिनक्स-युनिक्सची फोल्डर वाटायची पद्धत) असेल तर उबुंटूवर एनएफएस-कॉमन. हे नसेल तर मशीन "राँग एफएस टाइप, बॅड सुपरब्लॉक" असलं काहीतरी ओरडतं आणि नवा माणूस डिस्क तपासत बसतो.

पासवर्ड त्या ओळीत लिहू नका. एफएसटॅब मशीनवरचा कोणीही वाचू शकतो. यूजरनेम-पासवर्ड वेगळ्या फाइलीत ठेवा, मालक रूट (मशीनचा मुख्य यूजर), परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी), आणि ओळीत क्रेडेन्शियल्स या ऑप्शनने फक्त तिचा पत्ता द्या. सीआयएफएसला यूआयडी आणि जीआयडीही (यूजरचा आणि ग्रुपचा नंबर) द्या, नाहीतर सगळ्या फाइली रूटच्या दिसतात आणि कोणालाच सेव्ह करता येत नाही. शेअरच्या नावात स्पेस असेल ("जुने बिल" वगैरे, असतेच) तर तिच्या जागी उलटा स्लॅश आणि ०४० लिहायचं.

आता खरी गोची. पावसाळ्यात वीज जाते, परत येते, सगळी मशीनं एकदम सुरू होतात. तुमचा डेस्कटॉप काही सेकंदांत तयार, पण चार डिस्कांचा नॅस (फाइली ठेवायचा नेटवर्कवरचा डबा, म्हणजे तुमचा सर्व्हर) अजून जागाच होत असतो. माउंट, म्हणजे फोल्डर जोडणं, फसतो किंवा मशीन दीड मिनिट अडकून बसतं, कारण सिस्टमडीची (मशीन सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्राम) नेहमीची मुदत ९० सेकंदांची आहे. लॅपटॉपचं दुखणं वेगळं: वायफायचा पासवर्ड यूजरच्या कीरिंगमध्ये (लॉगिन केल्यावरच उघडणारी पासवर्डांची पेटी) असेल तर लॉगिनआधी नेटवर्कच नसतं. म्हणून बूटच्या वेळी जोडण्याचा हट्ट सोडा. ओळीत नोफेल आणि एक्स-सिस्टमडी डॉट ऑटोमाउंट हे दोन ऑप्शन टाका. मग मशीन कोणाची वाट न बघता सुरू होतं आणि कोणी फोल्डर उघडला की त्या क्षणी शेअर जोडला जातो. मालकाला तो "आपोआप"च दिसतो. अंडरस्कोर नेटडेव्ह ("हे नेटवर्कवरचं आहे" असं सांगणारा ऑप्शन) टाकायला सगळे सांगतात. टाका, पण सीआयएफएस-एनएफएस हे नेटवर्कचे प्रकार आहेत हे सिस्टमडी स्वतःच ओळखतं.

नॅस जुना असेल तर पिंग लागतो आणि माउंट मात्र "होस्ट इज डाउन" म्हणतो. २०१७च्या ४.१३ कर्नेलपासून (लिनक्सचा गाभा) एसएमबी १, म्हणजे एसएमबीची सगळ्यात जुनी व्हर्जन, डीफॉल्ट राहिलेली नाही, त्याचा हा परिणाम. ओळीत जुनी व्हर्जन लिहून काम भागतं, पण आधी नॅसच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ चालू होतं का ते बघा. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस एसएमबी १च्या त्या जुन्या दारातूनच शिरला होता.

ओळ लिहून झाली की लगेच रीबूट करू नका. फाइंडमाउंट (findmnt) कमांडच्या व्हेरिफायने ती तपासा, सिस्टमसीटीएलला डेमन-रीलोड सांगा (म्हणजे सिस्टमडी नवी ओळ वाचतं), मग माउंट हायफन ए, म्हणजे यादीतलं सगळं जोडून बघा. तिथे एरर आली नाही तरच मशीन बंद करा, आणि तेही अकाउंट्सवाले जेवायला गेल्यावर.