अर्डुइनो डेटा लॉगर: नोंदींची वेळ मागेपुढे होत असेल तर या चुका टाळा

अर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला कंपनाचा सेन्सर जोडलाय, दर १० मिलिसेकंदांनी एक वाचन घेऊन एसडी कार्डवर नोंद होते. फाइल उघडली की दोन नोंदींत कुठे १० चं अंतर, कुठे १३, मध्येच एकदम ९०. लगेच सेन्सर बदलायला घेऊ नका, त्याचा यात क्वचितच हात असतो.

एवढ्या-तेवढ्या फरकाने काय होतं? १२०० आरपीएमच्या मोटरचं कंपन २० हर्ट्झचं. लहर शून्य ओलांडताना वाचन १ मिलिसेकंद हुकलं, तर किंमत शिखराच्या साडेबारा टक्क्यांनी चुकते. मग एफएफटीत (लहरीतल्या वारंवारता वेगळ्या करून दाखवणाऱ्या गणितात) नसलेले सुळके दिसतात आणि माणूस मोटरचं बेअरिंग उघडून बसतो.

कोडला हात लावण्याआधी वेळेचा रकाना स्प्रेडशीटमध्ये घ्या, प्रत्येक ओळीतून आधीची ओळ वजा करा आणि त्या फरकांचा आलेख काढा. दुखणं कुठलं ते बहुधा तिथेच कळतं.

सगळेच फरक थोडे जास्त, समजा १०.४? लूपच्या (पुन्हापुन्हा चालणाऱ्या कोडच्या) शेवटी डिले(१०), म्हणजे १० मिलिसेकंद थांबायची आज्ञा आहे. वाचन, गणित, छपाई यांचा वेळ त्या १० मध्ये धरलेला नसतो, वर चढतो. डिले काढा, मायक्रोसने (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मायक्रोसेकंद सांगणाऱ्या फंक्शनने) वेळ बघा आणि पुढची वेळ ठरवताना ‘आत्ताची वेळ अधिक १००००’ असं न करता मागच्या ठरलेल्या वेळेत १०००० मिळवा. तुलना नेहमी वजाबाकीने करा, कारण हा काउंटर साधारण ७० मिनिटांनी शून्यावर येतो.

९ आणि ११ असे तुरळक आकडे दिसले तर दोष मोजपट्टीचाही असू शकतो. उनोवर मिलिस (हेच मिलिसेकंदांत सांगणारं फंक्शन) दर १.०२४ मिलिसेकंदांनी पुढे सरकतं आणि साठलेली तूट भरायला अधूनमधून दोन पावलं उडी मारतं. मायक्रोस ४ मायक्रोसेकंदांपर्यंत मोजतं, ते वापरा.

सुरुवातीच्या वीस-पंचवीस ओळी चोख आणि मग अंतर १२.५ वर अडकलं, तर सिरियल पोर्ट (संगणकाकडे ओळी पाठवायची वाट) तुंबलाय. ‘१२३४५६,५१२’ ही ओळ शेवटच्या दोन अदृश्य अक्षरांसह १२ बाइटची. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) १० मिलिसेकंदांत साडेनऊच बाइट बाहेर पडतात. उरलेले ६४ बाइटच्या बफरमध्ये साठतात, तो भरला की प्रिंट तिथेच थांबून राहतं. ११५२०० बॉडला हीच ओळ जेमतेम १ मिलिसेकंदात जाते.

दर ४२-४३ ओळींनी मोठा खड्डा पडत असेल तर ते एसडी कार्ड. ५१२ बाइटचा ब्लॉक भरला की तो कार्डावर लिहिला जातो, तोवर लूप खोळंबतो. ‘डेटा जायला नको’ म्हणून प्रत्येक ओळीनंतर फ्लश करणाऱ्यांना (ब्लॉक भरायची वाट न बघता लिहायला लावणाऱ्यांना) हा खड्डा ओळीओळीला पडतो. कार्ड महागडं घेतलं तरी भरवसा नाही: एसडीएचसी कार्डाला एका लेखनासाठी २५० मिलिसेकंद घेण्याची मानकातच मुभा आहे.

यावर खरा उपाय म्हणजे वाचन आणि लेखन वेगळं करणं. चिपमधला टाइमर १ सीटीसी मोडमध्ये (ठरलेल्या आकड्याला पोचला की शून्यावर येणाऱ्या) लावा, प्रीस्केलर (घड्याळाच्या ठोक्यांना भागणारा आकडा) ६४, कम्पेअर रजिस्टरमध्ये (तो ठरलेला आकडा) २४९९. (चिपचे सेकंदाला १,६०,००,००० ठोके ÷ ६४ ÷ १०० वाचनं = २५००, मोजणी शून्यापासून म्हणून एक कमी. सरळ २५०० लिहिलंत तर तासाला दीड सेकंद घसरतो.) इंटरप्टमध्ये (टाइमर लूपला मध्येच थांबवून चालवतो त्या कोडमध्ये) फक्त वाचन आणि वेळ रिंग बफरमध्ये (शेवट आला की पुन्हा सुरुवातीपासून भरणाऱ्या रांगेत) टाका. कार्डावर लिहिणं लूपमध्येच ठेवा. वेळेचा शिक्का वाचतानाच बसायला हवा, लिहिताना नाही. ६ बाइटच्या ६४ नोंदींना ३८४ बाइट लागतात. २५० मिलिसेकंदांत २५ नोंदी येतात, म्हणजे दोनदा लागोपाठ अडलं तरी निभावतं. बफर भरलाच तर गळालेल्या नोंदींची संख्या फाइलमध्ये लिहा, गुपचूप पुसू नका. हा टाइमर घेतल्यावर ९ आणि १० नंबरच्या पिनांचं पीडब्ल्यूएम (पल्सची रुंदी बदलून दिलेलं आउटपुट) आणि सर्वो मोटरची लायब्ररी विसरा.

अंतर एकसारखं आहे पण घड्याळाशी जुळत नाही, हा वेगळा आजार. उनोच्या मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे तासाला १८ सेकंद. तिथे डीएस३२३१ ही अचूक घड्याळाची चिप जोडा.

एवढं करूनही फरक उरला तर इंटरप्टमध्ये एक मोकळी पिन उलटसुलट करा आणि लॉजिक अॅनालायझरवर (पिनचं चालू-बंद वेळेनुसार दाखवणाऱ्या उपकरणावर) बघा. ग्राउंड जोडायला विसरू नका. पिनवरचे पल्स सारखे असतील तर घोळ नंतरच्या नोंदणीत आहे. तेच डगमगत असतील तर कोणीतरी इंटरप्ट बंद ठेवतंय: डब्ल्यूएस२८१२ या रंगीत एलईडींच्या ६० दिव्यांची पट्टी एका रंगबदलाला १.८ मिलिसेकंद खाते, डीएचटी या तापमान-आर्द्रता सेन्सरची लायब्ररी त्याहून जास्त.