पूलमध्ये नेम चुकतो तेव्हा आधी डोळ्यांची जागा तपासा

पूल म्हणजे टेबलावर काठीने बॉल मारून पॉकेटमध्ये पाडायचा खेळ. त्यात सोपा कट (बॉलला बाजूने लागून त्याला तिरका पाठवणारा शॉट) चुकला की आपण हाताला दोष देतो. स्ट्रोक वाकडा गेला, ब्रिज (क्यूला आधार देणारा पुढचा हात) हलला, क्यूच (काठीच) खराब आहे, असं काहीतरी. माझे डावीकडचे कट वर्षभर जाड (हवे त्यापेक्षा जास्त समोरून) लागत होते आणि उजवीकडचे पातळ (हवे त्यापेक्षा जास्त कडेने). तेवढा काळ मी कोपर सरळ करण्यात घालवला. खरी चूक डोक्याच्या जागेत होती, जेमतेम दीड सेंटीमीटरची. म्हणून हात सुधारायला घेण्याआधी डोळे तपासा, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

तपासणी सोपी आहे. एकाच कोनाचे दहा कट उजवीकडे मारा, दहा डावीकडे, आणि प्रत्येक चुकलेला बॉल पॉकेटच्या कुठल्या बाजूला गेला ते लिहून ठेवा. एका बाजूचे जाड आणि दुसऱ्या बाजूचे पातळ लागत असतील, तर तुमचा नेम प्रत्येक वेळी एकाच दिशेला सरकतोय. बहुधा डोळे नेमाच्या रेषेवर नाहीत. दोन्ही बाजूंचे जाड लागत असतील तर कारण वेगळं आहे, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता डोक्याची जागा शोधायची. बहुतेकांचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा प्रबळ असतो. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून समोरची एखादी वस्तू पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला वस्तू जागच्या जागी दिसते तो प्रबळ. पण क्यू नेमका त्याच डोळ्याखाली हवा असं मात्र नाही. कुणाचा हनुवटीच्या मधोमध असतो, कुणाचा एका डोळ्याकडे झुकलेला. स्नूकरमध्ये (पूलसारख्याच खेळात) 15 जागतिक विजेतेपदं मिळवणारे जो डेव्हिस यांची उजव्या डोळ्याची नजर अधू होती आणि ते डाव्या डोळ्याखाली क्यू धरून खेळत. चाचणीने सुरुवात कुठून करायची ते कळतं, नेमकी जागा टेबलावरच सापडते.

पांढरा बॉल (क्यूने मारायचा तो), लक्ष्याचा बॉल (पॉकेटमध्ये पाडायचा तो) आणि पॉकेटचा मध्य एका सरळ रेषेत ठेवा. दोन बॉलमध्ये साधारण 60 सेंटीमीटर अंतर पुरे. पांढऱ्याच्या मध्याच्या किंचित खाली, पण डाव्या-उजव्या बाजूने बरोबर मधोमध, असा मारा की आदळल्यावर तो जागीच थांबेल. आता पांढऱ्याकडेच लक्ष ठेवा. तो डावीकडे सरकला तर लक्ष्याच्या बॉलला डाव्या अंगाने लागला, उजवीकडे सरकला तर उजव्या अंगाने. सरकणं एकाच दिशेला होत असेल तर डोकं अर्धा सेंटीमीटर बाजूला घेऊन पुन्हा पाच शॉट मारा. चूक वाढली तर उलट बाजूला या. पांढरा जिथे मेल्यासारखा थांबू लागतो, ती तुमची जागा.

ती जागा लक्षात ठेवायला आरशाइतकी चांगली वस्तू नाही. पलीकडच्या कुशनला (टेबलाच्या रबरी काठाला) टेकून छोटा आरसा उभा करा आणि त्याच्या दिशेने खाली वाका. क्यू आणि क्यूचं प्रतिबिंब मिळून एकच सरळ दांडी दिसली की क्यू आरशाला काटकोनात आहे. आता आरशात स्वतःचा चेहरा पाहा. क्यू हनुवटीच्या कुठल्या भागाखाली आहे, नाकाच्या किती बाजूला आहे, ते डोळ्यांत भरून घ्या. मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की मी मान कायम उजवीकडे कलती ठेवत होतो.

नेम मात्र उभ्यानेच धरायचा. वाकल्यावर कोन नीट दिसत नाही. आधी पॉकेट आणि लक्ष्याचा बॉल यांच्या रेषेत मागे उभे राहा. त्याच रेषेत, पॉकेटच्या उलट बाजूला, लक्ष्याला चिकटलेला एक काल्पनिक पांढरा बॉल पाहा. पूलच्या बॉलचा व्यास 57.15 मिलीमीटर असतो, म्हणजे या काल्पनिक बॉलचा मध्य लक्ष्याच्या कडेपासून सुमारे 2.9 सेंटीमीटर दूर येतो. सुरुवातीला तिथे खरा बॉल ठेवून पाहा, मग उचला आणि कापडावरची ती जागा नजरेत धरा. पांढऱ्याच्या मध्यापासून तिथपर्यंतची रेषा ही तुमची नेमाची रेषा.

अनेक जण त्याऐवजी दोन बॉल जिथे भिडणार त्या बिंदूवर नेम धरतात. पांढऱ्यालाही जाडी आहे, त्यामुळे तो आधीच भिडतो आणि बॉल जाड लागतो, दोन्ही बाजूंना. शिवाय बॉल एकमेकांवर घासतात आणि पांढरा ज्या दिशेने जात होता त्या दिशेने लक्ष्याचा बॉल थोडासा ओढला जातो. हळू मारलेल्या कटमध्ये हे जास्त जाणवतं, तिथे नेम केसभर पातळ धरा. एक ओळखीचा कोन पाठ करून ठेवा: क्यूचा रोख लक्ष्याच्या बरोबर कडेवर ठेवला की अर्धा बॉल झाकला जातो आणि साधारण 30 अंशांचा कट मिळतो.

मग खाली जा, पण रेषा न सोडता. बाजूने वाकून डोकं नंतर रेषेवर सरकवलंत तर सगळं वाया गेलं. मागचा पाय रेषेवर टाका, डोकं सरळ खाली येऊ द्या आणि नजर काल्पनिक बॉलवरच ठेवा. खाली गेल्यावर नेम चुकीचा वाटला तर तिथल्या तिथे क्यू वळवू नका. उठा, पुन्हा पाहा, पुन्हा खाली जा. चष्मा असेल तर वाकल्यावर नजर काचेच्या वरच्या काठातून जाते आणि धूसर दिसतं. डेनिस टेलर 1985 साली स्नूकरचे जगज्जेते झाले ते याचसाठी केलेल्या उंच काचांच्या चष्म्यातून पाहत.

सरावाचे झोके घेताना नजर पांढऱ्यावरून लक्ष्यावर जाऊ-येऊ द्या. शेवटचा झोका मागे घेण्याआधी क्षणभर थांबा, नजर लक्ष्यावर स्थिर करा आणि मगच मारा. ब्रेकला (डावाच्या पहिल्या फटक्याला) किंवा मध्ये दुसरा बॉल असताना हात उंच करून मारताना शेवटची नजर पांढऱ्यावर ठेवणं बरं. मारल्यावर बॉल पॉकेटमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत डोकं वर काढू नका.