स्टॉक जुनाच दिसायचा, कारण सेशन कधी बंदच होत नव्हतं

इंदूरच्या सियागंजातल्या एका व्यापाऱ्याचं बिलिंग आम्ही बघतो, स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) आणि हायबरनेटवर (डेटाबेसच्या रोचे जावा ऑब्जेक्ट, म्हणजे एंटिटी, करून देणारी लायब्ररी) आहे. गोडाऊनचं अ‍ॅप वेगळं, त्यातून जिऱ्याची पोती निघाली की डेटाबेसमध्ये आकडा उतरायचा पण बिलिंगच्या स्क्रीनवर जुनाच, आणि सर्व्हर रीस्टार्ट केला की लगेच बरोबर. म्हणजे मेमरीत कोणीतरी काहीतरी धरून बसलंय हे नक्की.

लॉग बघा तर सिलेक्ट क्वेरी (डेटाबेसमधून वाचणारी) दरवेळी व्यवस्थित जातेय, इथेच माणूस फसतो! जुन्या कोडमध्ये सर्व्हिसच्या कन्स्ट्रक्टरमध्येच एंटिटी मॅनेजर (एंटिटी आणणारा-सांभाळणारा ऑब्जेक्ट, हायबरनेटमध्ये यालाच सेशन म्हणतात) बनवून फील्डमध्ये ठेवला होता. स्कोप सांगितला नाही तर स्प्रिंगची बीन (स्प्रिंग स्वतः बनवतो तो ऑब्जेक्ट, इथे ती सर्व्हिस) सिंगलटन, एकच नग, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना तोच एक मॅनेजर, तो थ्रेड-सेफ नाही (एकाच वेळी अनेक रिक्वेस्टनी वापरायचा नसतो), आणि त्याच्या फर्स्ट लेव्हल कॅशमध्ये (त्याच्या स्वतःच्या मेमरीत) एंटिटी एकदा आली की क्वेरीने नवीन रो आणली तरी हातात जुनाच ऑब्जेक्ट देतो.

टीममधला एक भाऊ म्हणाला सर्व्हिसला प्रोटोटाइप (मागितली की दरवेळी नवी) करू. उपयोग नाही, कंट्रोलर (रिक्वेस्ट घेऊन सर्व्हिसला बोलावणारा क्लास) सिंगलटन आहे, त्यात ती एकदाच इंजेक्ट होणार.

मग ते फील्ड काढून @पर्सिस्टन्सकॉन्टेक्स्ट हे अ‍ॅनोटेशन लावलं, त्यात प्रॉक्सी (मधला ऑब्जेक्ट) मिळतो जो चालू ट्रान्झॅक्शनचा मॅनेजर शोधतो, आणि सर्व्हिसच्या मेथडवर @ट्रान्झॅक्शनल, म्हणजे ती मेथड ट्रान्झॅक्शनमध्ये चालते. सोबत ओपन-इन-व्ह्यू पण फॉल्स केलं (रिक्वेस्ट संपेपर्यंत सेशन उघडं ठेवणारी सेटिंग, डिफॉल्ट ट्रू असतं), त्याने दोन रिपोर्ट लेझी इनिशियलायझेशनवर पडले (सेशन बंद झाल्यावर जोडलेला डेटा मागत होते), तिथे जॉइन फेच टाकलं, म्हणजे तो डेटा त्याच क्वेरीत येतो. आता गोडाऊनमध्ये पोतं हललं की पुढच्या रिफ्रेशला आकडा बदलतो.