रोप लावायला २० मिनिटं, पाणी घालायला ७० फेऱ्या

पहिल्या वर्षी आम्ही मुलुंड पूर्वेला, हायवेलगतच्या एका मोकळ्या पट्ट्यात ४० रोपं लावली. बॅनर होता, वडापाव होते, फोटो तर विचारूच नका. पुढच्या मे महिन्यात मी मोजायला गेले, तेव्हा ६ जिवंत होती. काही बकऱ्यांनी फस्त केली, दोन-तीनांवर कुणीतरी रात्री डेब्रिज ओतून गेलं होतं, आणि बाकीची पाण्यावाचून उभ्या-उभ्या वाळली होती.

म्हणून सांगते, झाडं लावायला एखाद्या गटात जाणार असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: ऑक्टोबरनंतर पाणी कोण घालतंय? समोरचा घुटमळला, तर टी-शर्ट घ्या आणि घरी या.

५ जूनला पर्यावरण दिनाचं आमंत्रण आलं तर जरूर जा, पण खड्डे खणायला. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास येतो, आणि आल्यावर आठवडाभर दडीही मारतो. तेवढ्यात कोवळं रोप करपतं. दोन-तीन दणकून सरी झाल्या, माती आतपर्यंत गार झाली, की लावा. जूनअखेर ते १५ ऑगस्ट हा बरा काळ. वनमहोत्सव १९५० पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो, तो उगाच नाही.

फूटपाथवर स्वतःच्या मनाने पहार घालू नका. खाली विजेची केबल, गॅसची लाइन, पाण्याचा पाइप, काहीही असू शकतं. आपल्या वॉर्ड ऑफिसात उद्यान खात्याकडे लेखी अर्ज द्या (आमचा टी वॉर्ड), जागा नेमकी सांगा, आणि पाणी आम्ही घालू हेही त्यात लिहा. सोसायटीच्या आवारात लावायचं तर कमिटीची संमती घ्या. इमारत, टाकी आणि ड्रेनेजपासून १० फूट तरी लांब. वड-पिंपळ तर तिथे नकोच, त्यांची मुळं भिंतीत शिरतात. आणि पार्किंगवर जांभूळ लावू नका. फळं पडून गाड्या जांभळ्या झाल्या की आमच्या सेक्रेटरींचा आवाज तिसऱ्या विंगपर्यंत जातो.

मग लावायचं काय? गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष दिसायला देखणे, पण गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष अमेरिकेकडचा. वादळवाऱ्यात गुलमोहराच्या फांद्या मोडतात, आणि पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) पडून मुंबईतले कितीतरी वाळले. मी ताम्हण, बहावा, करंज, बकुळ मागते. ताम्हण आपलं राज्यफूल, रस्त्याकडेला मावतं, उन्हाळ्यात जांभळं फुलतं. खाऱ्या हवेच्या, समुद्राजवळच्या जागी उंडी किंवा भेंड चांगली तग धरते. सप्तपर्णी आपल्याकडचीच, पण बेडरूमच्या खिडकीशी नको. फुलली की तिच्या वासाने अर्धी विंग डोकं धरून बसते.

रोप घेताना उंची पाहून भुलू नका. पिशवीच्या बुडातून जाड मुळं बाहेर आली असतील, तर ते रोप त्यात फार दिवस राहिलंय. पिशवी फाडल्यावर मुळं गोल-गोल फिरलेली दिसली तर हाताने मोकळी करा, नाहीतर झाड पुढे स्वतःच्याच मुळांत गुरफटतं. आणि पिशवी काढायचीच! काळ्या पिशवीसकट पुरलेली रोपं मी स्वतः उकरून काढली आहेत, तीही एका फोटोवाल्या कार्यक्रमातली.

खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. आपल्याकडे दोन वीत खणलं की विटांचे तुकडे, टाइल्स, सिमेंट निघतं. ते सगळं घमेल्याने बाहेर टाका. लाल मातीत एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी दोन मुठी निंबोळी पेंड मिसळा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, खोड पुरू नका. पावसाळ्यात बुंध्याशी मातीचा उंचवटा ठेवायचा, पाणी साचलं तर मुळं कुजतात. पाणी धरायला बुंध्याभोवती खोलगट आळं करायचं ते ऑक्टोबरात. बांबूला सुतळी बांधताना इंग्रजी आठच्या आकाराची सैल गाठ मारा.

अंगात जुनी फुलपँट, पायात बूट हवेत. पायाला साधं खरचटलेलं असलं तरी साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते.

आता पाणी. ऑक्टोबर ते जून म्हणजे जवळजवळ ३५ आठवडे. आठवड्यातून दोनदा, दरवेळी १० लिटर, म्हणजे पहिल्या वर्षी झाडामागे ७० फेऱ्या. एकट्याने होत नाही. आम्ही तेलाचे ५ लिटरचे रिकामे कॅन जमवले, आठ घरांत वार वाटून घेतले. पाणीकपात लागली की एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरायचं, भाज्या धुतलेलं वापरायचं. बुंध्यापासून वीतभर सोडून आळ्यात पालापाचोळा पसरा, ओल टिकते. झाडू मारणाऱ्या मावशींना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या इमानेइतबारे तो उचलून कचऱ्यात टाकतात. आमच्या त्या पट्ट्याजवळचा चहावाला आता रोज दोन झाडांना पाणी घालतो. त्याच्याशी ओळख करायला मला फक्त कटिंग प्यावी लागली.

गवत कापायच्या मशीनवाल्याशीही बोला. मशीनची गरगर फिरणारी दोरी खोडाला सगळीकडून लागली की साल सोलली जाते आणि झाड हळूहळू मरतं. आमचं एक चांगलं वाढलेलं करंज असंच गेलं. तेव्हापासून बुंध्याभोवतीचं हातभर गवत आम्ही विळ्यानेच काढतो.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर खोड मनगटाएवढं झालं, की ट्री गार्ड, म्हणजे रोपाभोवती लावलेला लोखंडी पिंजरा, सोडवा. राहिला तर लोखंड सालीत रुतत जातं. नट गंजलेले असतात, तेव्हा १३ नंबरचा पाना आणि थोडं तेल सोबत न्या, आणि सुटलेला गार्ड भंगारात घालू नका, पुढच्या जुलैत लागतो.